बारा जणांची आठवण

१

सोमवारी मी बिअर करते. मोड आणून भाजलेले जव आदल्या दिवशी भरडून ठेवायचे, सकाळी पाणी तापवून ते भिजवायचे, दुपारी गाळून पिंपात भरायचं. इडोनी झाल्यापासून हे सगळं मी एका हाताने करते. दुसऱ्या हातात ती असते. चार महिन्यांची पोर, पण मला ती खाली ठेववत नाही. श्वास चाललाय ना म्हणून दिवसातून वीस वेळा तिच्या नाकाशी बोट धरते. हॅमन, माझा नवरा, हसतो. म्हणतो, "एव्हिस, बोट काढ गं. पोरीला वास घ्यायला तुझ्या बोटाशिवाय दुसरं काही मिळेना."

आमचं दार खालून कुजलंय. वीतभर फट पडलीय. पाळण्याजवळ बसलं की रस्त्याने जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसतात. मी नदीपलीकडच्या गावची, लग्न होऊन इथे दोन वर्षं झाली. तेवढ्यात मी हे गाव पायांवरून ओळखायला शिकले. हॉब, छपरं शाकारणारा, टाचा आपटत झपझप जातो. रॉजर मधमाश्यावाला दर चार पावलांनी थांबतो. माझे सासरे थर्स्टन दाराशी आले की आधी उजव्या बुटाचा चिखल काढतात, मग डाव्याचा.

त्या सोमवारी मी इडोनीला पाजत बसले होते आणि बाहेरून पाय गेले. एक टाच आपटली, दुसरा पाय ओढत आला. पुन्हा आपट, पुन्हा फरफट. बूट हॉबचेच होते, पेंढ्याची दोरी बांधलेले. चाल त्याची नव्हती.

मी हाक मारली, "हॉब, साहेब गेले परत. आता सरळ चाल की."

पाय थांबले. फटीत हॉबचा डावा पाय माझ्याकडे वळला, तोही अर्धाच. पाऊल आतल्या बाजूला वाकडं होतं. जुन्या झाडाची फांदी वाकडी वाढते तसं.

"काय म्हणालीस?" हॉबने विचारलं. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

२

साहेब म्हणजे राजाचा अंमलदार. तो का आला होता ते सांगते.

आमचे सरदार सर फुल्क नाताळच्या आधी वारले. त्यांची बायको एकवीस वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली, आणि पोरही गेलं. एकच पेटी केली होती, आईच्या कुशीत बाळ, असं सासरे सांगायचे. सरदारांमागे कोणी नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक. वारस नसला की जमीन राजाकडे जाते, आणि राजा ती शेजारच्या सर वॉरिनला देणार हेही ठाऊक. सर वॉरिनने माझं माहेर घेतलं तेव्हा घरं पाडून तिथे मेंढ्या सोडल्या. माझी आई त्या हिवाळ्यात परक्याच्या गोठ्यात वारली. म्हणून जे झालं ते मलाही हवंच होतं. खोटं कशाला बोलू.

गढीच्या कारभाऱ्याने वारस काढला. म्हणाला, पोर मेलं नव्हतं. दाईने उत्तरेला नेलं, तिकडेच वाढलं, नाव पियर्स, आता एकवीस वर्षं पुरी झाली. हे खरं की खोटं ते बारा जाणत्या माणसांनी राजाच्या अंमलदारापुढे शपथेवर सांगायचं. आमच्याकडची ती रीतच आहे. वारसाचं वय कोणी लिहून ठेवत नाही. त्याचा बाप्तिस्मा झाला तो दिवस गावाने आठवायचा.

अंमलदार यायच्या आदल्या दिवशी चर्चच्या ओसरीत बारा जण बसले होते. बिअर माझी, म्हणून मी पेले भरत होते.

"नुसतं आठवतं म्हणून भागणार नाही," कारभारी म्हणाला. "तो विचारेल, एवढा जुना दिवस तुला कसा आठवतो? तेव्हा खूण सांगायची. त्या दिवशी तुमच्या घरी काय घडलं, ते."

"आमच्या घरी काही घडतच नाही," हॉब म्हणाला. "माझ्या बायकोला विचारा."

"ते आख्ख्या गावाला माहितीये," रॉजर म्हणाला, आणि सगळे हसले.

"मग घडव," कारभारी म्हणाला. तो हसला नव्हता.

हॉबने दाढी खाजवली. "मी शिडीवरून पडलो. डावा पाय मोडला."

"पाय मी मोडणार होतो," रॉजर म्हणाला.

"तू दुसरं काहीतरी मोड."

"याचं मोडण्यासारखं काय उरलंय," कोणीतरी मागून म्हणालं.

"बरं, मग मला मुलगी झाली," रॉजर म्हणाला. "त्याच दिवशी. नाव जोन. तीन दांडगे मुलगे झाले, बायको मुलगी मुलगी करत रडते. साक्षीत तरी होऊ दे बिचारीला."

असं एकेक करत सगळ्यांनी सांगितलं. माझ्या सासऱ्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "आमचा हॅमन तीन वर्षांचा असताना गिरणीच्या तळ्यात पडला होता. केसांना धरून बाहेर काढला मी. तो त्या दिवशी पडला असं सांगेन मी."

"हे खरं घडलेलं?"

"घडलं. दिवस दुसरा होता."

"चांगलं आहे. निम्मं खरं असलं की जीभ अडखळत नाही." मग कारभारी माझ्याकडे वळला. "ए पलीकडची. जे ऐकलंस ते गिळून टाक. बाहेर आलं तर तू आणि तुझी पोर गावाबाहेर."

मी मान हलवली. इडोनीला शालीखाली घेतलं आणि पेले गोळा केले.

३

हॉबचा पाय पाहिला त्या दिवशी मी हॉबच्या बायकोला विहिरीवर गाठलं. हळूच विचारलं, "पायाला काय झालं गं हॉबच्या?"

"कधी?"

"आत्ता. लंगडतो ना."

तिने बादली खाली ठेवली. "लंगडतो ना म्हणजे काय? लंगड्याशीच लग्न लागलंय माझं. वीस वर्षं झाली. तू टिंगल करतेस का माझी?"

मी घरी आले. आई म्हणायची, अंगावर पाजणाऱ्या बाईचं डोकं सहा महिने ठिकाणावर नसतं, कोणी काही म्हटलं तरी मनावर घेऊ नये. मी ते धरून बसले. झोप नाही, पोर रडतं, हॉब आधीपासून लंगडत असेल, माझ्याच लक्षात आलं नसेल. पण गेल्या सुगीत हाच हॉब आमच्या छपरावर खारीसारखा चढला होता. शिडी मी धरली होती. तेव्हा मी सहा सात महिन्यांची पोटुशी होते, आणि तो वरून ओरडत होता, अगं बये, तू नको धरूस, तूच पडशील.

दुसऱ्या दिवशी मी मध आणायला रॉजरकडे गेले. दारात एक बाई सूत कातत बसली होती. तिची पाठ रस्त्याकडे. केस तपकिरी, खांदे गोल, वय माझ्यापेक्षा थोडं जास्त असावं.

"कोण आलंय?" मी रॉजरच्या बायकोला विचारलं.

"कोण येणार? आमची जोन आहे." रॉजरच्या बायकोच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की माझ्याच्याने पुढे बोलवेना. "जोन, बाळ, मधाचं मडकं दे एव्हिसला."

बाई उठली. आत गेली. मडकं घेऊन आली आणि माझ्यापुढे धरलं. मी वर बघितलं.

रॉजरने साक्षीत सांगितलं होतं, मुलगी झाली, नाव जोन. त्यापुढे काही सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा कसा आहे ते कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिथे चेहरा नव्हता.

मी मडकं न घेताच घरी आले.

४

हॅमन संध्याकाळी आला तो डोकं एका बाजूला झुकवून, कानावर तळवा आपटत.

"पाणी गेल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "सकाळपासून. गिरणीवाला काहीतरी बोलला, मला बुडबुड ऐकू आलं."

"नदीत उतरला होतास?"

"या थंडीत? वेडी का तू?" तो बाकावर बसला. वाटाण्याची पेज पुढे ओढली. "लोकांना काय झालंय कळत नाही. बांधावर नऊ जण होतो आम्ही. पाव वाटला तेव्हा आठ तुकडे केले. मी म्हटलं, अरे, मी काय मेंढी आहे? तेव्हा कुठे हसले आणि एकाने अर्धा दिला. कुत्रं तेवढं ओळखतं मला. तेही लांबून."

तो हसत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या मानेवरून पाण्याचा एक थेंब शर्टात उतरला. केस कोरडे होते.

सासरे पेजेला हात न लावता बसले होते. अंमलदार आला त्या दिवसापासून ते असेच. हॅमन लाकडं आणायला बाहेर गेला तेव्हा मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मामंजी, तुम्ही साक्षीत काय सांगितलं?"

"ठरलं होतं तेच."

"तळ्यात पडला. बाहेर काढला. एवढंच?"

त्यांनी पेजेची वाटी दूर सारली. मग म्हणाले, "अंमलदार हसला गं माझ्यावर. म्हणाला, पोर वाचलं तर त्यात लक्षात राहण्यासारखं काय, पोरं रोज पडतात पाण्यात. कारभारी माझ्याकडे बघत होता. बाकी अकरा जण बघत होते. मी म्हटलं, वाचलं नाही, त्याच दिवशी पुरलं त्याला. मनात म्हटलं, दुसऱ्याच कुठल्या पोराचं सांगतोय. असतात ना, मेलेली, ज्यांची नावं घेत नाही आपण. तेवढ्यात तो म्हणाला, नाव काय?"

"मग?"

"मला एकच पोर, एव्हिस. दुसरं नाव तोंडात आलंच नाही."

मी त्यांचे हात धरले. म्हटलं, "उद्या सकाळी जा. अंमलदार अजून गावाजवळच्या मठात आहे. सांगा, चुकलो म्हणून."

"खोट्या शपथेला कान कापतात."

"कापू देत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाळण्याकडे. "जातो," म्हणाले. "उजाडलं की जातो."

५

उजाडलं तेव्हा ते अंगणात बसले होते. बूट घातले नव्हते.

"मामंजी, निघताय ना?"

"कुठे?"

"मठात. हॅमनचं सांगायला."

त्यांचा चेहरा एकदम ढासळला. म्हाताऱ्या माणसाला इतकं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "का काढतेस गं त्याचं नाव," ते म्हणाले. "एवढी वर्षं झाली. मी हात घातला पाण्यात, केस हातात आले आणि निसटले. अजून हाताला लागतात ते."

मी इडोनीला घेतलं आणि थेट पाद्रीबाबांकडे गेले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. माझं बोलणं त्यांनी पुरं ऐकून घेतलं आणि मला चर्चच्या मागे नेलं. भिंतीलगत एक लहानसा उंचवटा होता. लाकडी क्रूस होता, तो इतका जुना की एका बाजूने शेवाळ चढून वर आलं होतं. मी दर रविवारी याच भिंतीला टेकून उभी राहते. तिथे गवत असायचं.

"मीच पुरला," पाद्रीबाबा म्हणाले. "मुली, तुझं दुःख काय आहे ते मला सांग. पण मेलेल्या लेकराच्या आडोशाला लपू नकोस."

"दुःख नाही, बाबा. नवरा आहे. काल रात्री जेवला माझ्या घरी."

त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप आहे का बघायला.

मी तिथून विहिरीवर गेले. मला कोणीतरी हवं होतं ज्याला हॅमन आठवेल. बायका बोलत होत्या, मी आल्यावर गप्प झाल्या. हॉबची बायको तेवढी बोलली.

"थर्स्टनने दया केली म्हणून आसरा मिळाला, नाहीतर पोटुशी पोर कोण ठेवून घेतंय. आणि ही सांगते काय, तर लग्न झालंय. कोणाशी? बुडालेल्या पोराशी?"

"तिकडे पलीकडे असतील अशा रीती," दुसरी म्हणाली.

त्या हसल्या. मी बादली भरली. मला एवढंच सुचलं की मी या गावची नव्हे. इथलं जुनं माझ्यात काही नव्हतंच, मग बदलणार काय? की आई म्हणायची तेच खरं होतं? की हॅमन कधी नव्हताच आणि मीच वेडी?

मग मी खांद्यावरच्या इडोनीला सावरायला हात वर केला, आणि हाताला हवा तेवढा भार लागला नाही. तिचं वजन कमी झालं होतं.

६

त्या दिवसापासून मी दुसरं काही केलं नाही. तिला घेऊन बसले. पीठ मोजायच्या काट्यात ठेवून पाहिलं, गुरुवारी वजन अर्ध्या विटेएवढं भरलं, शुक्रवारी त्याहून कमी. ती आजारी नव्हती. हसत होती, मुठी चोखत होती. छातीला लावली की ओढायची, गिळायची, मला आवाज यायचा. पण पाजून झाल्यावर छाती भरलेली ती भरलेलीच. दुखायला लागली. मी दूध वाटीत पिळून काढलं. जेवढं तिने प्यायला हवं होतं तेवढं भरलं.

पाळण्यातून उचलली की खालच्या पेंढ्यावर खळगा उरत नव्हता.

मला लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, मी स्वतःशी स्पष्ट बोलले. हॅमन तीन वर्षांचा असताना मेला असेल तर इडोनीला बाप नाही. आणि बापच नाही तर ती आली कुठून?

हॅमन रोज येत होता. उशिरा यायचा, कमी बोलायचा. बुटांत पेंढा कोंबायला लागला, म्हणाला, सैल होतायत. बाही मनगटाखाली लोंबायची. मी त्याला विचारलं नाही. तो झोपला की त्याच्या बाजूची गादी ओली व्हायची, आणि मी इडोनीला घेऊन माझ्या कडेला सरकायचे. अजून सरकायचे. मला त्या सरकण्याची लाज वाटते.

शनिवारी तो आला नाही. दुपारी मी पाळण्याजवळ बसले होते. दारावर थाप पडली. नेहमी पडते तिथे नाही, खूप खाली, जिथे लाकूड कुजलंय तिथे. मी फटीतून बघितलं.

बाहेर दोन पाय होते. अनवाणी, ओले. माझ्या तळहातावर दोन्ही मावले असते.

मी दार उघडलं नाही. थाप पुन्हा पडली. मी इडोनीचे कान झाकले. मग पाय वळले, आणि गिरणीच्या वाटेने गेले.

७

रविवारी कारभारी स्वतः आला. दारात उभा राहिला, आत आला नाही.

"नवे सरदार पियर्स आलेत. उद्या चर्चमध्ये त्यांचा पहिला दरबार. तू ये. पोराचा बाप कोण ते शपथेवर सांगायचं, म्हणजे वहीत नाव लागेल. नाही सांगितलंस तर थर्स्टनच्या घरात तुझं काही नातं नाही, पुलापलीकडे सोडून येऊ."

"बाप हॅमन. थर्स्टनचा मुलगा."

"तीन वर्षांचं पोर बाप होत नाही."

"तुम्हाला माहितीये, कारभारी. त्या दिवशी ओसरीत तुम्ही होता. तुम्हीच म्हणालात, निम्मं खरं."

तो माझ्याकडे बघत राहिला. वाटलं, याला आठवतंय. मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "ओसरीत बारा जणांनी खरं ते सांगितलं. मी तिथेच होतो. बाप्तिस्म्यालाही होतो मी." आणि मग थोडा गोंधळून, "पाऊस होता," म्हणाला.

तो गेल्यावर मी विचार केला. शपथेने हॉबचा पाय मोडला. शपथेने रॉजरच्या दारात बाई बसली. शपथेने भिंतीपाशी उंचवटा आला. मग माझी शपथ काही कमी नव्हती. हॅमन जिवंत आहे म्हटलं तर दरबाराचा कारकून लिहिणार नाही, त्यांच्या मते ते अशक्य. जे शक्य आहे तेच लिहितील. आणि जिवंत माणसाचं नाव घेतलं तर तो माझ्या दारात येऊन बसेल.

गेल्या सुगीत राल्फ गाडीवान तापाने वारला. बिनलग्नाचा होता, हॅमनचा दोस्त. त्याच्यामागे रडायला बहीणसुद्धा नाही.

मी इडोनीला उचलून काट्यात ठेवलं. काटा हलला नाही.

८

चर्चमध्ये सगळे होते. बारा जण पुढच्या बाकावर, सासरे टोकाला. उंच खुर्चीवर नवा सरदार. गोरा, सुरेख, सर फुल्कसारखी हनुवटी. हातमोजे गुडघ्यावर. त्याच्यापुढे पाव आणि मद्य ठेवलं होतं, त्याला हात लावलेला नव्हता.

हॉब पुढे गेला, गुडघ्यावर बसला. सरदार गोड आवाजात म्हणाला, "माझ्या बाप्तिस्म्याला तू शिडीवरून पडलास."

"होय सरकार."

रॉजर गेला. "माझ्या बाप्तिस्म्याला तुला मुलगी झाली." सासरे गेले. "माझ्या बाप्तिस्म्याला तुझा मुलगा बुडाला." सासरे तिथेच वाकून रडले, आणि सरदार त्यांच्याकडे तसाच, त्याच गोड चेहऱ्याने बघत राहिला. पाद्रीबाबांनी त्याला विचारलं, उत्तरेचा प्रवास कसा झाला? सरदाराने कारभाऱ्याकडे बघितलं. कारभाऱ्याने खाली बघितलं. सरदार म्हणाला, "माझ्या बाप्तिस्म्याला पाऊस होता."

मग माझं नाव पुकारलं. मी पुढे झाले. इडोनी माझ्या हातावर होती, दुलई धरून ठेवली होती म्हणून ती होती असं म्हणते. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"तू?" सरदार म्हणाला. "माझ्या बाप्तिस्म्याला तू काय केलंस?"

"मी जन्मले नव्हते, सरकार."

हे त्याला आवडलं नाही. त्याची नजर माझ्यावरून दुलईवर गेली आणि तिथे थांबली.

"शपथ घे," कारभारी म्हणाला. "बापाचं नाव. आणि खूण सांग."

मी पुस्तकावर हात ठेवला. "राल्फ गाडीवान," म्हटलं.

मागे बायकांनी श्वास ओढला. कोणीतरी म्हणालं, मेलेला माणूस नाकारायला येत नाही, हुशार आहे बया.

"खूण," कारकून म्हणाला.

"गेल्या वर्षी फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाला बर्फ पडला," मी म्हटलं. "राल्फच्या गाडीचा आस मोडला. त्याला घरी जाता येईना, म्हणून तो थर्स्टनच्या गोठ्यात राहिला."

चर्चचं दार कुरकुरलं. ते मोठं दार, लोखंडी कडी माणसाच्या छातीशी येते. ते वीतभर उघडलं आणि उजेडाची एक पट्टी फरशीवर पडली. कोणी वळलं नाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. कडीच्या खाली, बरंच खाली, कोणीतरी फटीला धरून उभं होतं. केस कपाळाला चिकटलेले. त्याने मान एका बाजूला झुकवली आणि तळव्याने कानावर आपटलं. एकदा. दोनदा. आत काय बोलतायत ते त्याला ऐकायचं होतं.

माझा आवाज थांबला.

"मग?" कारकून म्हणाला. टाक दौतीवर धरून तो वाट बघत होता. "गोठ्यात राहिला. मग?"

त्याने माझ्याकडे बघितलं. दारातल्याने. त्याला मी ओळखू येत होते.

"मग मी त्याला पेज नेऊन दिली," मी म्हटलं, "आणि तिथेच राहिले. ही मुलगी राल्फची. तिच्या अंगात दुसऱ्या कोणाचं रक्त नाही."

कारकुनाने लिहिलं. टाकाचा आवाज थांबेपर्यंत मी हात पुस्तकावर ठेवला होता. तेवढ्यात माझ्या डाव्या हाताला ओढ बसली, इतकी अचानक की मी कोपरातून वाकले. इडोनी रडायला लागली. भुकेली होती. चार दिवसांची भुकेली.

मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर छातीला लावलं. बायका काहीबाही बोलल्या. दूध उतरलं, खरंच उतरलं, आणि दुखणं कमी झालं तसं माझे डोळे मिटले.

उघडले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि बाहेर ऊन होतं. उंबरठ्यावर पाण्याचं लहानसं थारोळं साचलं होतं. मी पोरीला खांद्यावर घेतलं, झगा घोट्याच्या वर उचलला, आणि पाय भिजू नयेत म्हणून लांब ढांग टाकून बाहेर आले.